कंटेनर, विशेषाधिकाररहित

एकाच यजमान संगणकाच्या कर्नलवर (परिचालन प्रणालीच्या गाभ्यावर) चालणारा, परंतु स्वतःची फाइलव्यवस्था, स्वतःचे वापरकर्ते आणि स्वतःच्या प्रक्रिया असलेला बंदिस्त कार्यपरिसर म्हणजे कंटेनर. तो उभारणाऱ्या व्यक्तीस यजमान संगणकावर व्यवस्थापकाचे कोणतेही अधिकार नसतील, तर त्यास विशेषाधिकाररहित कंटेनर असे म्हणतात. त्याच्या आत मात्र हीच व्यक्ती व्यवस्थापक, म्हणजे ‘रूट’, म्हणून वावरू शकते. पॅकेजे बसविते, फाइलींचे मालक बदलते, जालाची मांडणी करते. आत सर्वाधिकारी व बाहेर सामान्य, ही दुहेरी स्थिती लिनक्स प्रणालीत दोन यंत्रणांच्या संयोगाने शक्य झाली आहे : वापरकर्ता नामावकाश (यूझर नेमस्पेस) आणि क्षमता (कॅपॅबिलिटी). या दोन यंत्रणा वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हेतूंनी निर्माण झाल्या. त्यांचा मेळ घालताना सर्वांत अवघड ठरला तो फाइलींवर नोंदविलेल्या क्षमतांचा प्रश्न. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

रूट व सेटयूआयडी : यूनिक्स प्रणालीत प्रत्येक वापरकर्त्यास एक क्रमांक असतो आणि कर्नल व्यक्तीचे नाव न पाहता केवळ हा क्रमांक पाहतो. क्रमांक शून्य हा रूटचा. त्यास जवळजवळ कोणतीही आडकाठी नसते. इतरांना केवळ आपापल्या फाइलींपुरती मोकळीक असते. ही विभागणी सोपी असली, तरी व्यवहारात अपुरी पडते. उदा., सामान्य वापरकर्त्यास स्वतःचा परवलीचा शब्द बदलता यावा लागतो, पण ज्या फाइलीत तो नोंदलेला असतो ती फक्त रूटला लिहिता येते. यावर बेल प्रयोगशाळेतील डेनिस रिची यांनी काढलेली तोड म्हणजे सेटयूआयडी खूण होय (एकस्व अर्ज १९७३, मंजुरी १९७९). ही खूण असलेला कार्यक्रम कोणीही चालविला, तरी तो फाइलीच्या मालकाच्या, बहुधा रूटच्या, अधिकाराने चालतो. युक्ती अत्यंत चतुर होती, पण तिच्यात मोजमाप नव्हते. जालावरील दुसरा संगणक जागा आहे की नाही, एवढेच विचारणाऱ्या ‘पिंग’ या लहानशा कार्यक्रमास कच्चे पुडके पाठविण्यापुरता अधिकार हवा असतो. सेटयूआयडीने त्याच्या हाती संगणकाच्या सर्वच किल्ल्या येत. अशा कार्यक्रमात एखादा दोष निघाला की, त्याचा फायदा घेणारा थेट रूट होई.

क्षमता : रूटच्या अखंड अधिकाराचे तुकडे करून प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे देता यावा, ही कल्पना पॉझिक्स मानकाच्या १००३.१ई या मसुद्यात मांडली होती. तो मसुदा मानक म्हणून कधीच मंजूर झाला नाही. १९९७ मधील सतराव्या आवृत्तीनंतर तो मागे घेण्यात आला. लिनक्सने मात्र त्यातील कल्पना उचलली आणि २.२ या आवृत्तीपासून (१९९९) कर्नलमध्ये क्षमता आल्या. फाइलीचा मालक बदलणे, १,०२४ पेक्षा कमी क्रमांकाचे जालद्वार उघडणे, संगणकाचे घड्याळ लावणे, कच्ची पुडकी पाठविणे अशी प्रत्येक कृती एकेका क्षमतेखाली येते. २०२० मध्ये आलेल्या ५.९ या आवृत्तीपासून त्यांची संख्या ४१ झाली. ही वाटणी समतोल नाही, हे येथे सांगितले पाहिजे. ‘सिस-ॲडमिन’ या एका क्षमतेत फाइलव्यवस्था जोडण्यापासून यजमानाचे नाव बदलण्यापर्यंत इतकी कामे कोंबली गेली आहेत की, ती ज्याच्याकडे आहे तो रूटपासून फारसा दूर राहत नाही.

अधिकार काढून घेणे हेही धोक्याचे ठरू शकते, हे २००० साली उघडकीस आले. त्या वेळच्या लिनक्समध्ये सामान्य वापरकर्त्यास ‘वापरकर्ता क्रमांक बदलण्याची’ क्षमता आधीच वगळून नंतर सेंडमेल हा टपाल-कार्यक्रम सुरू करता येत असे. सेंडमेल सेटयूआयडी खुणेमुळे रूट म्हणून सुरू होई व सुरक्षिततेसाठी रूटपद सोडण्याचा प्रयत्न करी. त्यासाठी लागणारी क्षमताच नसल्याने पदत्याग अपुरा राही, आणि सेंडमेलला त्याचा पत्ता लागत नसे. आपण सामान्य झालो आहोत, या समजुतीने तो वापरकर्त्याच्या आज्ञा पाळी. रूटपद परत मिळविण्याचा मार्ग मात्र उघडा असे. कर्नलच्या २.२.१६ आवृत्तीत हा दोष दूर करण्यात आला.

फाइल-क्षमता : प्रक्रियांना क्षमता देण्याची सोय असली, तरी एखाद्या कार्यक्रमाच्या फाइलीवरच ‘यास एवढीच क्षमता द्यावी’ अशी नोंद करण्याची सोय लिनक्समध्ये दीर्घकाळ नव्हती. ती सर्ज हॅलिन यांच्या प्रयत्नांनी २.६.२४ या आवृत्तीत (जानेवारी २००८) आली. ही नोंद फाइलीच्या मजकुरात नसते. फाइलव्यवस्था प्रत्येक फाइलीस जे विस्तारित गुणधर्म चिकटवू शकते, त्यांपैकी ‘सिक्युरिटी-कॅपॅबिलिटी’ या गुणधर्मात ती ठेवलेली असते. तिच्यात दोन संच आणि एक खूण असते. पहिला संच अनुमत क्षमतांचा, दुसरा वारशाने घेता येणाऱ्या क्षमतांचा. खूण लावलेली असल्यास मिळालेल्या क्षमता कार्यक्रम सुरू होताच कार्यान्वित होतात.

प्रक्रिया जेव्हा नवा कार्यक्रम सुरू करते, तेव्हा कर्नल तिच्या क्षमतांचा हिशेब नव्याने मांडतो. फाइलीवरील अनुमत क्षमतांतून प्रक्रियेच्या मर्यादासंचात ज्या बसतात त्या मिळतात. प्रक्रिया व फाइल या दोघींच्याही वारसासंचांत ज्या आहेत त्याही मिळतात. बाकीच्या गळून पडतात. याचा एक अनपेक्षित परिणाम असा की, रूट नसलेल्या प्रक्रियेजवळ क्षमता असल्या, तरी साधा कार्यक्रम सुरू करताच त्या नाहीशा होत. ही अडचण दूर करण्यासाठी ४.३ या आवृत्तीत (२०१५) ‘परिवेशी’ क्षमतांचा आणखी एक संच जोडावा लागला. पिंगवर आता सेटयूआयडीची गरज उरली नाही. कच्च्या पुडक्यांची एक क्षमता नोंदविली की काम भागते.

नोंद करण्यासाठी ‘सेटकॅप’ व वाचण्यासाठी ‘गेटकॅप’ हे कार्यक्रम वापरतात. अर्थातच ही नोंद कोणालाही करू देता येत नाही. तिच्यासाठी ‘सेटएफकॅप’ ही क्षमता लागते.

वापरकर्ता नामावकाश : लिनक्समध्ये नामावकाश टप्प्याटप्प्याने आले. फाइलव्यवस्थेच्या जोडण्यांचा नामावकाश २००२ मध्ये, यजमाननामाचा २००६ मध्ये, प्रक्रियाक्रमांकांचा २००८ मध्ये. प्रत्येक नामावकाश कर्नलमधील एखादी जागतिक गोष्ट घेऊन तिची खासगी प्रत दाखवितो. वापरकर्ता नामावकाश यांत सर्वांत गहन होय. एरिक बीडरमन यांनी केलेले त्याचे काम ३.८ या आवृत्तीत (फेब्रुवारी २०१३) बव्हंशी पूर्णत्वास गेले आणि तेव्हापासून सामान्य वापरकर्त्यासही तो निर्माण करता येऊ लागला.

त्याचे तत्त्व महाराष्ट्रातील जमिनीच्या दप्तराशी परिचय असणाऱ्यांस सहज कळेल. भूमापन किंवा गट क्रमांक १ हा गावोगावी असतो. वेरूळचा क्रमांक १ आणि फर्दापूरचा क्रमांक १ या दोन वेगळ्या जमिनी; गावाचे नाव सोडले तर क्रमांकाला अर्थ नाही. त्याचप्रमाणे वापरकर्ता क्रमांक हा केवळ त्याच्या नामावकाशात अर्थपूर्ण असतो, आणि एका नामावकाशातील क्रमांक म्हणजे त्यास सामावणाऱ्या नामावकाशातील कोणता क्रमांक, हे एका तक्त्याने ठरते. तक्त्याच्या प्रत्येक ओळीत तीन आकडे असतात : आतील पहिला क्रमांक, बाहेरील पहिला क्रमांक आणि एकूण किती. ‘०, १,००,०००, ६५,५३६’ अशी ओळ असेल, तर कंटेनरमधील रूट हा यजमानावर १,००,००० क्रमांकाचा अगदी सामान्य वापरकर्ता असतो. आतील १,००० हा बाहेर १,०१,००० होतो. तक्त्यात नसलेला कोणताही बाहेरचा मालक आतून पाहिल्यास ६५,५३४ या ‘कोणीच नाही’ क्रमांकाचा दिसतो. डिस्कवर मात्र नेहमी यजमानाचाच क्रमांक लिहिला जातो.

स्वतःच्या एका क्रमांकाचा तक्ता कोणीही लिहू शकतो. अधिक क्रमांक हवे असल्यास व्यवस्थापकाने ‘सबयूआयडी’ फाइलीत प्रत्येकास आधीच पट्टा नेमून द्यावा लागतो; तो खरोखर त्याचाच आहे याची तपासणी ‘न्यूयूआयडीमॅप’ हा लहान कार्यक्रम करतो. पहिल्या वापरकर्त्यास १,००,००० पासून १,६५,५३५ पर्यंतचा पट्टा दिला, तर दुसऱ्याचा १,६५,५३६ पासून सुरू होतो. पट्टे एकमेकांवर चढले, तर दोन कंटेनरांच्या मालमत्तेची सरमिसळ होते. म्हणून ही फाइल हाताने दुरुस्त करताना काळजी घ्यावी लागते.

क्षमतांची व्याप्तीही नामावकाशाने सीमित होते. नवा नामावकाश निर्माण करणाऱ्या प्रक्रियेस त्यात सर्व क्षमता मिळतात, पण त्या त्या नामावकाशापुरत्या व त्याच्या पोटातील नामावकाशांपुरत्या असतात. जालना १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. त्या दिवसापासून तत्कालीन औरंगाबादच्या जिल्हाधिकाऱ्यांचे अधिकार, ते कमी न होताही, जालन्यात चालेनासे झाले. कंटेनरच्या रूटची स्थिती अशीच असते. तो आपल्या नामावकाशाच्या मालकीचे जाल मांडू शकतो. यजमानाचे घड्याळ बदलू शकत नाही, कारण ते घड्याळ मूळ नामावकाशाचे असते. उपमा येथेच थांबते, कारण नामावकाश एकात एक असे ३२ पातळ्यांपर्यंत असू शकतात आणि वरच्या पातळीवरील निर्माता खालच्या पातळीत सदैव सर्वाधिकारी राहतो.

या रचनेतील एक सूक्ष्म छिद्र २०१४ मध्ये लक्षात आले. यूनिक्समध्ये समूहाचा उपयोग क्वचित अधिकार नाकारण्यासाठीही करतात : फाइल सर्वांना वाचता येते, फक्त अमुक समूहास नाही. नामावकाशात शिरून रूट झालेला वापरकर्ता आपली समूहसदस्यता टाकून देऊ शके आणि मग नाकारलेली फाइल त्यास ‘सर्वांपैकी एक’ म्हणून उघडता येई. तेव्हापासून सामान्य वापरकर्त्यास समूहांचा तक्ता लिहिण्यापूर्वी समूह बदलण्याचा हक्क कायमचा सोडून द्यावा लागतो.

फाइल-क्षमतांचा पेच : वरील दोन यंत्रणा समोरासमोर आल्या की, पुढील प्रसंग संभवतो. कंटेनरमधील रूटजवळ सेटएफकॅप क्षमता आहे. त्याने आपल्या मालकीच्या एका कार्यक्रमावर सर्व क्षमतांची नोंद केली. ती फाइल यजमानाच्या डिस्कवरच असते. आता हीच व्यक्ती, किंवा तिचा एखादा साथीदार, कंटेनरच्या बाहेरून सामान्य वापरकर्ता म्हणून तो कार्यक्रम चालवितो. नोंदीवर नामावकाशाचा उल्लेख नसल्याने कर्नल ती खरी मानील आणि कार्यक्रमास संपूर्ण संगणकाचे अधिकार मिळतील. सेटयूआयडी खुणेत हा धोका उद्भवत नाही, कारण ती खूण फाइलीच्या मालकाशी बांधलेली असते व कंटेनरच्या रूटने निर्माण केलेल्या फाइलीचा मालक बाहेर १,००,००० क्रमांकाचाच असतो. फाइल-क्षमतेची जुनी नोंद कोणाशीच बांधलेली नव्हती. गावाचे नाव न लिहिलेल्या खरेदीखतासारखी ती कोठेही लागू पडली असती.

म्हणून प्रारंभी सोपा मार्ग पत्करण्यात आला : मूळ नामावकाशाबाहेरून अशी नोंद करूच द्यायची नाही. याने धोका टळला, पण कंटेनर अधुरे राहिले. पिंगसारखी पॅकेजे बसविताना शेवटच्या पायरीवर सेटकॅपला ‘परवानगी नाही’ असे उत्तर मिळे व पॅकेज अर्धवट बसे. सेंटओएसवरील वेबसेवेचे पॅकेज यासाठी अनेकांना परिचित झाले होते. काही पॅकेजांनी यावर क्षमता न जमल्यास जुनी सेटयूआयडी खूण लावण्याची पळवाट ठेवली. म्हणजे सुरक्षिततेसाठी आणलेल्या सुधारणेमुळेच जुनी, ढोबळ पद्धत जिवंत राहिली.

हॅलिन यांनीच पुढे सुचविलेला उपाय ४.१४ या आवृत्तीत (नोव्हेंबर २०१७) स्वीकारला गेला. नोंदीच्या तिसऱ्या नमुन्यात चार बाइटांची भर घालण्यात आली. २० बाइटांची नोंद २४ बाइटांची झाली. या चार बाइटांत नोंद करणाऱ्या नामावकाशाच्या रूटचा यजमानावरील क्रमांक असतो. ज्या नामावकाशाचा रूट हा तोच क्रमांक आहे, त्यात व त्याच्या पोटातील नामावकाशांतच ती नोंद मानली जाते. बाहेर कर्नल तिच्याकडे दुर्लक्ष करतो. विशेष म्हणजे सेटकॅप किंवा पॅकेज बसविणाऱ्या कार्यक्रमांना यातले काहीच ठाऊक असावे लागत नाही. कंटेनरमधून जुन्या नमुन्याची नोंद लिहिली की, कर्नल तिचे नव्या नमुन्यात रूपांतर करतो, आणि आतून वाचली की पुन्हा जुन्या नमुन्यात दाखवितो. जुने कार्यक्रम न बदलता नवा अर्थ देण्याची ही पद्धत लिनक्सच्या विकासात वारंवार दिसते; येथे ती विशेष नेटकेपणाने साधली आहे.

उलट दिशेचा प्रश्न सौम्य आहे. यजमानाच्या रूटने केलेली जुनी नोंद कंटेनरमध्येही मानली जाते, परंतु मिळणाऱ्या क्षमता चालविणाऱ्या प्रक्रियेच्या नामावकाशापुरत्याच असल्याने बाहेर त्यांचा उपयोग होत नाही.

पुढे एक राहून गेलेली फट सापडली. सेटएफकॅप क्षमता काढून घेतलेला यजमानाचा रूट नवा नामावकाश काढून त्यात शून्यास शून्यच जोडू शके. त्या नामावकाशात त्यास सेटएफकॅप पुन्हा मिळे, आणि तेथून केलेल्या नोंदीवर रूटचा क्रमांक शून्य पडत असल्याने ती मूळ नामावकाशातही खरी ठरे. २०२१ मध्ये ५.१२ या आवृत्तीपासून बाहेरचा शून्य जोडण्यासाठी ती क्षमता आधीपासून असणे आवश्यक करण्यात आले.

रूपांतराची ही पायरी चुकली तर काय होते, हे उबुंटू प्रणालीत दोनदा दिसले. आच्छादी फाइलव्यवस्थेत (ओव्हरलेएफएस) खाली केवळ वाचनाचा थर व वर लेखनाचा थर असतो. कंटेनरांच्या प्रतिमा बहुधा अशाच रचतात. मुख्य लिनक्समध्ये ती सामान्य वापरकर्त्याच्या नामावकाशातून जोडण्याची मुभा ५.११ या आवृत्तीत (२०२१) मिळाली आणि त्याच आवृत्तीत क्षमतांच्या नोंदीचे रूपांतर अशा जागी हलविण्यात आले की, कोणत्याही वाटेने आलेली नोंद त्यातून जावीच लागेल. उबुंटूने ही मुभा स्वतःच्या कर्नलमध्ये त्यापूर्वीच दिली होती, पण रूपांतराची जागा तीच राहिली होती. परिणामी आच्छादनावर लिहिलेली नोंद खालच्या खऱ्या फाइलव्यवस्थेवर रूपांतर न होता उतरे आणि कोणीही स्थानिक वापरकर्ता काही क्षणांत यजमानाचा रूट होऊ शके. हा दोष एप्रिल २०२१ मध्ये जाहीर झाला. २०२३ च्या जुलैमध्ये उबुंटूच्या त्याच फाइलव्यवस्थेतील स्वतंत्र बदलांमुळे जवळजवळ तशीच वाट पुन्हा उघडी असल्याचे आढळले.

उपयोग : मोठ्या सामायिक संगणकांवर विशेषाधिकाररहित कंटेनरांचे महत्त्व सर्वाधिक आहे, कारण तेथे शेकडो संशोधकांची कामे शेजारीशेजारी चालतात व त्यांपैकी कोणासही रूट करणे शक्य नसते. महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संगणन केंद्र. जिनीव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेच्या सीएमएस प्रयोगाच्या जागतिक संगणनजालातील हे द्वितीय स्तराचे केंद्र आहे. याच संस्थेत १९६० मध्ये पूर्ण झालेला टिफ्रॅक संगणक एका वेळी एकच काम करीत असे. शेजाऱ्यापासून संरक्षणाचा प्रश्न तेव्हा उद्भवतच नव्हता.

सीएमएसच्या पद्धतीत मध्यवर्ती व्यवस्था प्रत्येक केंद्राकडे प्रथम एक ‘वाटाड्या’ काम पाठविते. ते तेथील संगणकाची पाहणी करून मग संशोधकाचे प्रत्यक्ष काम मागवून घेते. वाटाड्याजवळ स्वतःचे ओळखपत्र असते. संशोधकाचा कार्यक्रम त्याच वापरकर्ता क्रमांकाखाली उघडपणे चालला, तर त्यास ते ओळखपत्र वाचता येईल व त्याचा जगभर गैरवापर करता येईल. पूर्वी यासाठी ‘जीएलएक्झेक’ हा सेटयूआयडी कार्यक्रम वापरीत; तो रूट होऊन कामाचा वापरकर्ता क्रमांक बदली. २०१८ च्या सुमारास सीएमएसने केंद्रांवर त्याऐवजी सिंग्युलॅरिटी हा कंटेनर-कार्यक्रम आणला. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ग्रेगरी कर्टझर यांनी सुरू केलेला हा कार्यक्रम २०२१ पासून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ॲपटेनर या नावाने ओळखला जातो. त्यामुळे संशोधकाच्या कामास वाटाड्याच्या प्रक्रिया व फाइली दिसत नाहीत, शिवाय केंद्रावर कोणतीही लिनक्स आवृत्ती असली तरी कामास हवी ती आवृत्ती मिळते.

सिंग्युलॅरिटी प्रारंभी स्वतः सेटयूआयडी होती आणि त्या मार्गाने वापरकर्त्याने आणलेली फाइलव्यवस्था-प्रतिमा कर्नलकडून जोडून घेत असे. मुद्दाम बिघडविलेली प्रतिमा कर्नलमधील दोष जागा करू शकते, ही त्यातील भीती होती. ॲपटेनर १.१ (२०२२) पासून तो मूळ मांडणीत सेटयूआयडीविना बसविला जातो व केवळ वापरकर्ता नामावकाशावर चालतो. येथे तक्त्यात एकच ओळ व एकच क्रमांक पुरतो. फाइल-क्षमतांना तर वावच नसतो, कारण ॲपटेनर कंटेनरमधील प्रक्रियांवर ‘नवे विशेषाधिकार नकोत’ ही खूण (लिनक्स ३.५, २०१२) लावतो, ती एकदा लावली की, सेटयूआयडी असो वा फाइल-क्षमता, कोणताही कार्यक्रम सुरू केल्याने अधिकार वाढत नाहीत. पॅकेजे बसवून प्रतिमा तयार करणाऱ्यास मात्र फाइल-क्षमतांची गरज राहते. तयार प्रतिमा केवळ चालविणे आणि ती घडविणे या दोन कामांच्या गरजा अशा भिन्न आहेत. त्यांची गल्लत केल्याने अनेक केंद्रांत अनावश्यक अधिकार दिले जातात.

मतभेद : सामान्य वापरकर्त्यास नामावकाश निर्माण करू द्यावा की नाही, याबाबत वितरकांत एकमत झालेले नाही. नामावकाशात त्यास सिस-ॲडमिनसारखी क्षमता मिळते आणि पूर्वी फक्त रूटच पोहोचू शके अशा कर्नलच्या कोपऱ्यांपर्यंत तो पोहोचतो. तेथील जुने दोष त्यामुळे उपयोगात येतात. फाइलव्यवस्थेच्या मांडणीविषयक आज्ञेतील २०२२ चा स्मृतिदोष हा याच प्रकारचा होता. डेबियनने ही मुभा मूळ मांडणीत बंद ठेवली होती व ११ व्या आवृत्तीत (२०२१) ती खुली केली. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ च्या उत्तरकालीन आवृत्त्यांत नामावकाशांची कमाल संख्या शून्य ठेवलेली असे. संगणनकेंद्रांच्या व्यवस्थापकांना ती वाढवून घ्यावी लागे. उबुंटूने २४.०४ या आवृत्तीपासून (एप्रिल २०२४) ॲपआर्मर या संरक्षक यंत्रणेद्वारे ही मुभा केवळ नोंदणी केलेल्या कार्यक्रमांपुरती मर्यादित केली. बंदी घातली की कंटेनर पुन्हा सेटयूआयडी कार्यक्रमाच्या आधाराने चालवावे लागतात आणि त्या कार्यक्रमातील प्रत्येक दोष थेट रूटपर्यंत नेतो. मुभा दिली की संपूर्ण कर्नल हल्ल्याच्या टप्प्यात येतो. ज्या यंत्रावर परक्यांची कामे चालतच नाहीत तेथे बंदी सोयीची, तर सामायिक संशोधन-संगणकांवर कर्नल वेळोवेळी अद्ययावत ठेवून मुभा देणे अधिक योग्य, असा अनुभव आहे.